पश्चिमेची खोली

विद्यानगर, हैदराबाद. एप्रिल ते जून २०२४

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

गुढी गच्चीवरच उभारतो आम्ही. सकाळी नऊलाच सिमेंटवर पाय ठरत नव्हता. गुढीपाशी चपला नकोत म्हणून ओले गोणपाट अंथरून पूजा केली. शेजारच्या आंटींकडून उगादीची पच्चडी आली, आमच्याकडून श्रीखंड गेले.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या मुलाच्या आजीला, यंदा वर नेता आले नाही. हिवाळ्यात खुब्याचे हाड मोडले तेव्हापासून त्यांची खोली ठरून गेली आहे: पश्चिमेची. घरात खोलीला लागून कमोडचा संडास आहे तो तेवढाच, त्यामुळे पर्याय नाही. आमचे घर दोनशे गजांचे. तळमजल्यावर कोचिंगची मुले भाड्याने राहतात, वर आम्ही, आणि आमच्या वर फक्त स्लॅब आणि आभाळ.

आजवरच्या उन्हाळ्यांत ही खोली किती तापते याचा विचारच करावा लागला नाही. आत्याबाई सूर्य पाहून घरात जागा बदलायच्या. सकाळी पश्चिमेच्या खोलीत निवडणे-टिपणे, दुपारी मधल्या घरात पडणे, चारनंतर पूर्वेची गॅलरी, रात्री गच्ची. खोल्या कमीजास्त तापल्या तरी चालत्याफिरत्या माणसाचे अडत नाही, तो उठून दुसरीकडे जातो. खाटेवरच्या माणसाला ती सोय नाही. मग खोलीलाच काहीतरी करावे लागते. यंदाच्या उन्हाळ्यात हेच काम हाती घ्यायचे असे ह्यांना सांगून टाकले. ह्यांनी पंचांगातून मान वर केली, एवढीच नोंद.

२१ एप्रिल, रविवार

कोंडापूरहून मुलगा आला, येताना भिंतीचे तापमान लांबून दाखवणारी ती पिस्तुलासारखी वस्तू घेऊन आला. दिवसभर आम्ही दोघे घराचा ताप पाहत हिंडलो.

दुपारी अडीचला गच्चीचे सिमेंट साठच्या घरात होते. त्याच वेळी पश्चिमेच्या खोलीचे छत आतून अडतीस दाखवत होते. मला वाटले, ठीक आहे की. पण संध्याकाळी साडेसहाला, सूर्य जवळजवळ गेल्यावर, तेच छत त्रेचाळीस! रात्री दहाला पश्चिमेची भिंत हाताला दुपारपेक्षा जास्त गरम. ईशान्येचा हॉल आणि ही खोली यांच्या हवेत रात्री नऊला तीन अंशांचा फरक होता, आणि दोन्ही खोल्यांत पंखा तोच, वेगही तोच.

त्यात न समजण्यासारखे काही नाही. चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून उष्णता खाली यायला तीन-चार तास लागतात, नऊ इंची विटेच्या भिंतीतून त्याच्या दुप्पट. गच्ची दुपारी तापते ती संध्याकाळी खोलीत पोचते. पश्चिमेची भिंत तीन ते सहा ऊन खाते आणि ते आपल्याला झोपायच्या वेळी परत करते. म्हणजे बाहेर वारा सुटून हैदराबादची रात्र निवायला लागते, नेमकी तेव्हा ही खोली सगळ्यात तापलेली असते.

आणखी एक गोष्ट. खोलीतला साधा थर्मामीटर छत्तीस दाखवतो, पण आत्याबाईंना ते छत्तीसपेक्षा जास्त वाटते आणि ते खोटे नाही. आपल्या कातडीचे तापमान चौतीस-पस्तीसच्या आसपास. डोक्यावर त्रेचाळीस अंशांचे छत असले की ते थेट अंगावर उष्णता फेकत राहते, मधली हवा कितीही हलवा. पंखा तर छताखालचीच गरम हवा खाली आणतो. तरीही पंखा हवाच, कारण घाम वाळतो तो वाऱ्याने. म्हातारपणी घाम कमी येतो आणि तहानही उशिरा कळते, ही त्यातली खरी गोम आहे.

२८ एप्रिल, रविवार

दुपारचे ऊन चाळिशी ओलांडून केव्हाच पुढे गेले.

आज घरात एसीवरून चर्चासत्र झाले. मुलाचे म्हणणे सरळ होते: "आई, आजीच्या खोलीत दीड टनाचा लावून टाकू. हॉलमध्ये एक, तुमच्या खोलीत आहेच. सगळीकडे चोवीस. विषय संपला."

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच बोलल्या, "नको रे बाबा. त्या गार वाऱ्यानं माझे गुडघे धरायलेत. मला गारबी नको न् गरमबी नको."

म्हटले तर सगळ्या विषयाची मागणी त्यांनी एका वाक्यात मांडली.

मी एसीच्या विरुद्ध नाही. या शहरात ज्याने मे महिना वरच्या मजल्यावर काढला आहे तो असले तत्त्वज्ञान सांगत नाही. पण तापलेल्या स्लॅबखाली एसी लावला की त्याची निम्मी ताकद काँक्रीटशी भांडण्यात जाते. आणि तो उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर टाकतो. आमच्या पश्चिमेला अपार्टमेंट आहे, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी गल्ली. त्यांच्या दोन एसींची बाहेरची खोकी आत्याबाईंच्या खिडकीकडेच तोंड करून आहेत. रात्री खिडकी उघडली की त्यांची गरम हवा आत. आपणही दोन लावले की तळमजल्यावरच्या पोरांच्या खिडक्या बंद. असे एकमेकांना तापवत सगळी गल्ली थंड होणार!

आणि चोवीसच का? स्टार असलेले घरगुती एसी १ जानेवारी २०२० पासून सुरू करताच चोवीसवर असावेत असा केंद्राचा नियम आहे. तो विजेच्या बचतीसाठी, कारण त्याआधी लोक अठरावर लावून रजई ओढायचे. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. पण माणसाला बरे वाटायला चोवीस लागतातच असे कोणी म्हटलेले नाही.

उलट याच शहरात, आमच्यासारख्याच मध्यमवर्गीय फ्लॅटांमध्ये, २००८च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माधवी इंद्रगंटी या वास्तुविशारद संशोधक बाईंनी घरोघर जाऊन लोकांना विचारले होते: आत्ता कसे वाटते आहे? गरम, गार की ठीक? सोबत हवा, ओल आणि वाऱ्याची मोजणी. शंभरावर माणसे, पाच इमारती. निघाले असे की एसी नसलेल्या घरांत लोकांना ठीक वाटणारे तापमान २९.२३ अंश, आणि २६ ते ३२.४५ पर्यंत ते चालवून घेतात. तेव्हाचे आपले मानक २३ ते २६ सांगत होते. म्हणजे पुस्तक जिथे संपते तिथून हैदराबादकरांचा आराम सुरू होतो.

मात्र त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. उन्हाळ्यात त्या लोकांपैकी सुमारे साठ टक्के लोक अस्वस्थच होते, कारण करता येण्यासारखे असूनही करता येत नव्हते. खिडकी उघडावी तर डास, चोर, आवाज, समोरच्यांचे डोळे. हे वाचताना बाईंनी आमच्याच घरी येऊन लिहून घेतले असावे असे वाटले.

मी मुलाला म्हटले, आकडा ठरला. आजीच्या खोलीत रात्री नऊनंतर बत्तीसच्या आत. आधी स्लॅब, मग भिंत, मग खिडकी. एवढे करून जमले नाही तर आण तुझा दीड टन.

३ मे, शुक्रवार

आत्याबाईंचे माहेर देगलूरकडचे, नांदेड जिल्हा. तेव्हा तोही निजामाचाच मुलूख, त्यामुळे हैदराबादला येणे म्हणजे त्यांच्या लेखी परगावी येणे नव्हते. आज पाठीला घामोळ्यांची पावडर लावताना माळवदाचा, म्हणजे मातीच्या छताचा, विषय निघाला.

"माळवदाखाली दुपारी चादर लागायची," त्या म्हणाल्या.

अतिशयोक्ती सोडली तरी म्हणणे खरे आहे. दीड-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, त्यांवर लाकडी कडीपाट, आणि त्यावर हातभर पांढरी माती. आमच्या स्लॅबमधून दुपारचे ऊन संध्याकाळी उतरते, तिथे त्या मातीतून उतरायला रात्र उलटायची, तोवर वरून पुन्हा गारवा सुरू. दिवस आणि रात्र यांची सरासरी होऊन खाली यायची. खोली-खोलीत फरक पडायला ऊन आत पोचायला तर हवे! आणि रात्री माणसे खाली थांबायचीच नाहीत, सगळे गाव माळवदावर झोपायला.

"मग इतकं चांगलं होतं तर गेलं कुठं?" मुलगा असता तर म्हणाला असता. आत्याबाईंनीच उत्तर दिले. दर पावसाळ्याआधी माती दाबायची, तरी गळायचे. विंचू पडायचे. आणि मग किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र उलटलेली, माणसे दमून झोपलेली. त्या जड मातीच्या छतांखाली आणि दगडी भिंतींखाली लातूर-उस्मानाबादकडची सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाचे नाव काढले की लोक वर बघू लागले. ज्याला जमले त्याने स्लॅब टाकला, न जमले त्याने पत्रा. घरे हलकी झाली आणि तापू लागली. त्या माणसांना दोष देणार तरी कोण? मातीच्या भाराशिवाय मातीचा गारवा आणायचा कसा, हे त्या लोकांना कोणी वेळेवर सांगितले नाही.

म्हणून "आपले पूर्वज किती शहाणे" या सुरातले लेख मला वाचवत नाहीत. पूर्वज शहाणे होते आणि विंचवाने मरतही होते.

८ मे, बुधवार

काल संध्याकाळी अचानक धो धो पाऊस. झाडे पडली, करंट गेला, रस्त्यांच्या नद्या. बाचुपल्लीत भिंत कोसळून सात जण गेले, परप्रांतातून आलेले मजूर. सकाळी पेपर वाचून चहा गोड लागला नाही.

गच्चीला चुना द्यायला बोलावलेला रंगारी मात्र खुशीत आला. गच्ची धुवायचे त्याचे काम पावसाने केले होते. "अम्मा, धूल पूरा गया. अब्बी चुना पकडता." मी त्याला विचारले, बाजारातले ते थंड छताचे महाग रंग आणि हा चुना, यांत फरक काय? त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "वो चार-पाँच साल रैता, ये एक बारिश."

चुना, पांढरे सिमेंट आणि डिंक, हे त्याचे मिश्रण. गच्ची आधी ओली करायची, मग पातळ हात. तो वाळला की दुसरा हात आडवा. घट्ट एकच हात मारला की महिनाभरात पापुद्रे सुटतात. जिन्याच्या खोलीचे छप्पर मात्र मी मुद्दाम तसेच ठेवायला सांगितले. रंगारी बुचकळ्यात पडला. ह्यांना कळले: ताडून बघायला काहीतरी न रंगवलेले हवे.

९ मे, गुरुवार

आज दुपारी बारा वाजून बारा मिनिटांनी हैदराबादेत सावली नाहीशी झाली. शून्य सावलीचा दिवस. समोरच्या घरातली मुले गच्चीवर बाटली उभी करून बघत होती. मीही छत्रीची काठी उभी धरली, सावली पायाखाली.

मुलांना गंमत, पण घर बांधणाऱ्याने हा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आजपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात इथे उत्तरेच्या खिडकीवर दुपारी ऊन येते आणि दक्षिणेची सावलीत जाते. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरही हेच होते, थोड्या दिवसांनी. संध्याकाळचा सूर्यही सरळ पश्चिमेला बुडत नाही, जूनमध्ये तो बराच वायव्येला सरकलेला असतो. खिडकीवर नुसते आडवे छज्जे काढून ते ऊन अडत नाही, कारण ते खालून आणि बाजूने येते. त्याला उभा आडोसाच लागतो. आमच्या घरच्या छज्ज्याने पस्तीस वर्षांत अडवला असेल तो पाऊस.

वाळलेल्या चुन्याकडे दुपारी बघवत नाही. ह्यांनी गॉगल काढला, लग्नानंतर प्रथमच.

१० मे, शुक्रवार. अक्षय्य तृतीया

उदककुंभ दिला. खालच्या पोरांना पन्हे आणि कैरीची डाळ. त्यांतला वारंगलचा पोरगा तांदूरच्या फरशीवर उघड्या अंगाने पालथा पडून स्पर्धापरीक्षेचे पुस्तक वाचत होता. "कूलर लावत नाहीस?" म्हटले. "फर्शीच कूलर है आंटी." बरोबरच आहे, त्याच्या फरशीखाली जमीन आहे आणि त्याच्या छतावर आम्ही आहोत. आमचे भाडेकरू आमच्या सावलीत राहतात आणि आम्ही भाडे घेतो, हा व्यवहार त्यांच्या फायद्याचा आहे.

१३ मे, सोमवार

मतदान करून आलो. रांगेत सावली होती, हे लिहून ठेवण्यासारखे.

चुन्याचा हिशेब. पावसाने हवा उतरली होती, ती पुन्हा चढू लागली आहे. त्यामुळे मागच्या महिन्याच्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही. जिन्याची खोली इथे कामी आली. संध्याकाळी साडेसहाला तिचे न रंगवलेले छत आतून बेचाळीस, आत्याबाईंच्या खोलीचे सदतीस. हवेत फरक दीड-दोन अंशांचा. ऐकायला दोन अंश म्हणजे काही नाही. पण रात्री आत्याबाईंनी स्वतःहून सांगितले, "आज डोक्यावरचं ओझं हललं." आकड्याइतकीच ही नोंद मला महत्त्वाची.

२०१७ साली इथल्याच देवरकोंडा बस्तीत पंचवीस गरीब घरांच्या छतांवर पांढरा पडदा बसवून पाहिला होता, हैदराबादची ट्रिपल आयटी संस्था त्या कामात होती. तिथेही घरातला फरक सरासरी दोन अंशांच्या आसपास आला होता. त्यातूनच पुढे एप्रिल २०२३मध्ये तेलंगणाने थंड छतांचे धोरण आणले, पाच वर्षांसाठी. सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती, राहत्या घरांना सहाशे गजांपासून पुढे. २०२८पर्यंत राज्यात तीनशे चौरस किलोमीटर छते थंड करायची आहेत. हेतू उत्तम. पण सहाशे गजांच्या घरात राहणाऱ्याला तीन-चार खोल्या बदलून झोपता येते. ज्याची एकच खोली आणि वर पत्रा, त्याला सक्ती नको, चुन्याची गोणी आणि रंगाऱ्याची मजुरी फुकट द्यायला हवी. हे मी आमच्या नगरसेवकाच्या माणसाला मतदान केंद्राबाहेर सांगितले. तो म्हणाला, "जरूर मॅडम," आणि माझ्या बोटावरची शाई बघून पुढे गेला.

१९ मे, रविवार

आज भिंत आणि खिडकी.

आतला पडदा जाड घ्यावा अशी ह्यांची सूचना होती. पण काचेतून ऊन आत आले की ते आलेच, पडदा तापतो आणि खोलीतच उष्णता सोडतो. अडवायचे ते काचेच्या बाहेर. मुलाने खिडकीबाहेर लोखंडी चौकट ठोकून बांबूची चिक लावली, वायव्येच्या बाजूला एक उभी पट्टीसुद्धा. भिंतीपासून हातभर अंतर सोडून गच्चीच्या कठड्यावरून हिरवी जाळी सोडली, नर्सरीवाले वापरतात ती. भिंत आणि जाळी यांच्यामध्ये हवा खेळायला हवी, जाळी भिंतीला चिकटवली तर निम्मा उपयोग गेला.

शेजारच्या एसींचे काय? मी अपार्टमेंटच्या सेक्रेटरींकडे गेले, आत्याबाईंचे वय सांगितले. त्यांनी त्या दोन खोक्यांवर पत्र्याचे वाकवलेले तोंड बसवून हवा वर वळवून देण्याचे कबूल केले. खर्च निम्मा-निम्मा. भांडायला जाताना मी जी वाक्ये जुळवली होती ती तशीच परत आणली.

पहाटेच्या फिरण्याबद्दल एक. विद्यापीठात आर्ट्स कॉलेजपाशी आम्ही रोज टेकतो. १९३९ सालची ती गुलाबी ग्रॅनाइटची इमारत: उंच छत, जाड दगड, खोल कमानी. तिच्या आतल्या गारव्याचे कौतुक सगळे करतात, आणि घरी येऊन पश्चिमेला मोठी काच लावतात.

२५ मे, शनिवार

सूर्य रोहिणीत. आंटी गेटपाशी म्हणाल्या, रोहिणी कार्तीत उखळसुद्धा तडकतात अशी त्यांच्याकडे म्हण आहे. मी म्हटले, आमच्याकडे माणसे तडकतात.

कूलर काढला. खरे तर हैदराबादच्या उन्हाळ्याचे यंत्र हेच. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की बाहेर चाळीस आणि ओल वीस टक्के असली तर गवतातून आलेली हवा सव्वीस-सत्तावीसपर्यंत उतरते, विजेचा खर्च एसीपेक्षा कितीतरी कमी. पण घरोघर तो लावतात कसा? बंद खोलीत, मधोमध. तासाभरात भिंती ओलावतात, उशी चिकट होते आणि लोक कूलरला नावे ठेवतात. कूलर खिडकीत बसवायचा, तोंड आत, पाठ बाहेर, आणि समोरचे दार किंवा दुसरी खिडकी चार बोटे उघडी. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. आम्ही तो पश्चिमेच्या नव्हे, दक्षिणेच्या छोट्या खिडकीत बसवला, कारण ती आता सावलीत असते (शून्य सावलीच्या पुढचा फायदा). खोलीचे दार उघडे, म्हणजे तीच हवा मधल्या घरातून हॉलपर्यंत जाते आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टने बाहेर. एका कूलरवर तीन खोल्या निभावतात, थोड्या थोड्या.

पाण्याचे मात्र भान ठेवावे लागते. यंदा टँकरची मारामारी आहे. आत्याबाईंना वाटते संध्याकाळी गच्चीवर पाणी मारावे, "माळवदावर मारायचो". वाफ होऊन जाईल ते पाणी कूलरमध्ये घातलेले बरे, असे मी समजावले. बोअरचे पाणी जड, गवतावर पांढरे थर धरते. गवत दर पंधरवड्याला धुवायचे आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून वाळवायची, नाहीतर आपणच डेंग्यूचे डास पाळू.

२ जून, रविवार

तेलंगणाचा दहावा वाढदिवस. हैदराबाद आजपासून एकट्या तेलंगणाची राजधानी.

काल रात्री मुलाकडे राहिलो होतो. एकविसावा मजला, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, संध्याकाळ फार देखणी. एसी सगळीकडे, चोवीस. तरी काचेजवळच्या सोफ्यावर घाम आणि आतल्या खोलीत शाल. सून हसून म्हणाली, "आई, आम्ही सोफा हलवतो, सूर्य नाही हलवता येत." हुशार मुलगी आहे.

घरी रात्रीच्या खिडक्यांचा क्रम आता बसला आहे. हैदराबाद साडेपाचशे मीटर उंचावर आहे, कोरड्या दिवसांत रात्री हवा बारा-तेरा अंश खाली येते. एवढी फुकटची थंडी मुंबई-चेन्नईच्या नशिबी नाही. ती आत घ्यायची नऊ ते सकाळी सात, आणि आठच्या आत दारे-खिडक्या, चिका सगळे बंद. लोक नेमके उलटे करतात: दिवसभर "हवा येऊ दे" म्हणून उघडे, रात्री डासांच्या भीतीने बंद. खिडक्यांना जाळ्या आणि ग्रिल केले, हॉलचा वरचा झरोका उघडा ठेवला, म्हणजे गरम हवा तिथून जाते आणि आत्याबाईंच्या खिडकीतून नवी येते. शेजारच्या खोक्यांची तोंडे वर वळली म्हणूनच हे जमले.

परवा रात्री नऊला पश्चिमेची खोली ३१.५, हॉल साडेतीस.

८ जून, शनिवार. मृग

प्रदर्शनाच्या मैदानावर आज माशाच्या प्रसादाची गर्दी. मोसमी पाऊस या आठवड्यात तेलंगणात आला.

हवा बत्तीसवर आली तरी अंग चिकट. आता कूलर बंद. ओल पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की तो बत्तीसची हवा फार तर एकोणतीसवर आणतो आणि खोलीत दमटपणा भरतो, सांधेदुखीच्या माणसाला ते नकोच. आता नुसता पंखा. जुना सत्तर-पंचाहत्तर वॅटचा काढून तीस वॅटचा नवा लावला आहे, तो रात्रभर चालला तरी जीव धसकत नाही.

दीड टनाचा एसी आला नाही. मुलाने तो विषय काढला, आत्याबाईंनी फक्त छताकडे बोट दाखवले. काही वर्षांनी लागेलही. उन्हाळे चढत आहेत आणि आमची वयेही. पण तेव्हा तो एक टनाचा पुरेल आणि तासभरच चालेल.

चुना आता पावसात निम्मा जाईल, रंगाऱ्याने ते आधीच सांगितले होते. पुढच्या वर्षी तो महाशिवरात्रीच्या सुमारास द्यायचा, पाडव्याची वाट बघायची नाही. तुमच्या घरात वरच्या मजल्यावर पश्चिमेला कोणी म्हातारे माणूस झोपत असेल, तर एसीच्या दुकानात जाण्याआधी रात्री नऊला त्या खोलीत जा, खुर्चीवर उभे राहून छताला हात लावा आणि मग पश्चिमेच्या भिंतीला. दोन्ही गरम लागले तर पहिला खर्च गच्चीवर करा, दुसरा खिडकीच्या बाहेर.